बाहेर कशाला हसत होते?

प्रिय लेकीच्या आईस,

तुझं पत्र मिळालं. नातीचं नाक माझ्यावर गेलंय हे वाचून आधी खूश झालो, मग पोरीची दया आली. शेवटी तू लिहिलंयस, आता लेकीकडेच राहावंसं वाटतं, बारमध्ये माझ्यावाचून कुणाचं अडतंय! तेवढं वाक्य काही घशाखाली उतरेना. म्हणून इथली खरी हकिगत कळवतो.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात ॲप्रन बांधला. इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे पेले भरले, मग रांधण्यात काय मोठंसं, असं वाटलं. मटणात दोनदा मीठ पडलं. लोक तोंडं वाकडी करून जेवले, पण तहान अशी लागली की संध्याकाळी सातलाच बिअरचं पिंप रिकामं! न्हावी म्हणाला, मालक, ही युक्ती आधी का नाही सुचली? दुसऱ्या दिवशी मासळी करपली. तिसऱ्या दिवशी शिंपीदादाच आत घुसले आणि मला बाजूला सारून कांदा चिरायला बसले. फोडी अगदी मापात, पण एका कांद्याला अर्धा तास. तोवर बाहेर सगळ्यांच्या पोटातले कावळे ओरडून दमले. रोज दहा जण विचारतात, वहिनी कधी येणार? येईल की, असं मी छातीठोकपणे सांगतो आणि आत जाऊन उगाच पातेलं ढवळत बसतो.

परवा मी शेगडीपाशी घामाघूम झालेला, आणि बाहेर एकदम हशा पिकला. टेबलं बडवून हसत होते लेकाचे. मी झारा घेऊन तसाच दारात आलो, विचारलं, काय झालं रे? न्हावी डोळे पुसत म्हणाला, काही नाही हो, असंच. मी आत गेलो. आणि अगं, खरं सांगतो, झारा खाली ठेवला आणि तूच आठवलीस. एकतीस वर्षं तू त्याच दारात येऊन हेच विचारायचीस आणि मी हेच उत्तर द्यायचो. काही नाही गं, तू बघ तुझं आत. वर फुशारकी काय, तर आपला बार म्हणजे सगळ्या पेठेची बैठक! सगळी पेठ येऊन बसून गेली, तू एकदाही बसली नाहीस. चुकलं माझं. गाढव आहे मी. (हे लेकीला वाचून दाखवू नकोस.)

तर ऐक. जहाजावरून निवृत्त झालेला एक आचारी कालपासून ठेवलाय. तुझ्या हाताची सर नाही, पण मीठ एकदाच घालतो. तुला परत ये म्हणायला मला तोंड नाही, आणि स्वयंपाकाला तर मुळीच बोलावत नाहीये. नातीचे पोटभर लाड करून घे. मग वाटलं तर ये. मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने ये आणि खिडकीजवळच्या टेबलाशी ऐसपैस बस. ताट मी वाढीन. परवाचा तो विनोदही न्हाव्याच्या खनपटीला बसून वदवून घेतलाय. झकास आहे, पण पत्रात लिहिणार नाही. तुला समोर बसवूनच सांगायचाय.

तुझाच,
हातावर चटके मिरवणारा म्हातारा