बॉक्सरला बांधलेलं मुसकं

अहो,

तुमच्या साहेबांनी दिलेल्या बॉक्सर कुत्र्याला टांग्यात घालून मी गुरांच्या दवाखान्यात गेले आहे. शेजारची बसव्वा बरोबर आहे. भाकरी दुरडीत आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

दुपारी त्याच्या तोंडातून लाळ गळताना आत्यांनी पाहिली. त्यांना वाटलं, कुत्रं पिसाळलं. मी नळावर गेले होते. त्यांनी गोठ्यातलं बैलाचं मुसकं त्याच्या तोंडाला आवळून बांधलं आणि त्याला पत्र्याखाली डांबलं. मी आले तर आडवा पडलेला, जीभ निळी. मुसकं कापलं, ओलं पोतं घातलं, तरी उठेना.

ही जात लाळ गाळतेच. नाक चपटं म्हणून तोंड उघडं ठेवूनच तिला दम घ्यावा लागतो, आणि आपलं ऊन तिला सोसत नाही. साहेबांनी बजावलेलं हे सगळं तुम्ही परवा ओसरीवर मित्रांना रंगवून सांगत होता. मी चुलीपाशी ऐकलं म्हणून मला माहीत. आत्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगितलं नाही, मीही नाही.

त्यांना काही बोलू नका. मुसकं बांधताना तो हात चाटत होता, एवढंच त्या सारखं म्हणताहेत. मी त्याच्याशिवाय परत आले, तर साहेबांनी त्याला मागून नेलं असं त्यांना सांगा.

त्याच्या वाटीत दूध ओतून त्या परसदारी बसल्या आहेत. ती वाटी आज हलवू नका.