विहीणबाईंना, मेलेल्या डासांच्या पुडीसह

गोत्री, बडोदे
१६ ऑगस्ट

सौ. पद्माताईंना कमलाचा नमस्कार. नमस्कार मनापासून आहे, पुढचा मजकूर रागातून आहे, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नये. तुमचे गुडघे कसे आहेत? मिरजेत पाऊस फार झाला म्हणे, जिना जपून उतरत जा. भाऊसाहेबांची साखर आटोक्यात असेल, चि. तन्मयची बदलीची भानगड मिटली असेल, अशी आशा करते. आमच्याकडे सगळं झकास आहे. (ह्यांना मलेरिया नाही. गेल्या भाद्रपदात एकदा झाला होता, तेवढाच. तुम्ही मिरजेतल्या निम्म्या लोकांना सांगितलंत, उरलेल्या निम्म्यांना हेही सांगा की ते खडखडीत बरे आहेत आणि रोज दोन वाट्या श्रीखंड मागतात.)

तर मुद्द्याचं. रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की अवंतीला बाळंतपणाला बडोद्याला पाठवायची नाही, तिथे डास आहेत. मी ‘अहो पण’ एवढंच म्हटलं तर तुम्ही फोन ठेवून दिलात. त्यानंतर मी व्हॉट्सअॅपवर अकरा निरोप टाकले. अकराच्या अकरा वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ही रीत मी काढलेली नाही, आणि माझी एकुलती एक मुलगी आहे. तिला नवरात्र आटोपलं की सातव्या महिन्यात मी आणणार, म्हणजे आणणारच. डासांना विचारून नाही, आणि स्पष्ट बोलते म्हणून माफ करा, तुम्हाला विचारूनही नाही. (हे वाक्य खोडावं असं ह्यांचं म्हणणं पडलं. मी खोडलेलं नाही, तुम्ही बघताच आहात.)

आता मलेरिया आमच्या घरात आला कसा, ते माझ्याकडूनच ऐका, कारण अवंती सासरी बापाची बाजू सांभाळून सांगत असणार. आमचे हे रिफायनरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी बाल्कनीत कमळं लावायला घेतली. मोठा टब आणला, पाणी भरलं, चार छोटे मासे सोडले. मासे आठ दिवसांत वर गेले. पण महिन्याभराने हे नाचत आत आले, की माशांना पिल्लं झाली! बारीक बारीक, शेपटी हलवणारी, शेकड्यांनी. मी त्या वेळी मटार सोलत होते, म्हटलं असतील. ह्यांनी त्या पिल्लांना रोज सकाळी पोळीचा चुरा घालायला सुरुवात केली. दीड महिना घातला हो! शेवटी पाण्याच्या टाक्या तपासायला येणाऱ्या हंसाबेन टॉर्च घेऊन आल्या, टबात डोकावल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, ‘काका, आ तो पोरा छे!’ पोरा म्हणजे डासांच्या अळ्या. मालकाने स्वतःच्या हाताने वाढवलेले डास पुढे मालकालाच चावले की आणखी कुठले, ते देव जाणे, पण आठच दिवसांत ह्यांची थंडी वाजून दातखीळ बसली, रक्त तपासलं तर मलेरिया. चौदा दिवस गोळ्या खाल्ल्या. टब आता सोसायटीच्या बागेत उपडा पडलेला आहे आणि त्यावर मांजर झोपतं.

त्यानंतर मी पण एक पराक्रम केला. हंसाबेननी सांगितलं होतं की साधी मच्छरदाणी नुसती अडवते, पण औषधवाली मच्छरदाणी असते, तिच्या धाग्यातच औषध असतं, डास तिच्यावर बसला की गारद. मी ती मागवली. आता पद्माताई, तुम्हीच सांगा, कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कुठल्या मराठी घरात वापरतात? मी ती मच्छरदाणी रात्रभर गरम पाण्यात, धुण्याच्या सोड्यात भिजत घातली. सकाळी चांगली चोळली. नीळ दिली. गच्चीवर दिवसभर कडक उन्हात वाळवली, आणि चुरगळलेली दिसू नये म्हणून इस्त्री करायला गेले तर एका कोपऱ्यात चटकन रुपयाएवढं भोक पडलं. (मी तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं आहे. हे तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते.) हंसाबेन आल्या तेव्हा मी कौतुकाने दाखवली. त्या बिचाऱ्या मटकन सोफ्यावरच बसल्या. ‘बेन, तमे तो आखी दवा गटरमां नाखी दीधी!’ म्हणजे सगळं औषध मी गटारात घातलं. नवी मच्छरदाणी धुवायची नसते म्हणे. एक दिवस सावलीत मोकळी टांगायची आणि मग बिनधास्त वापरायची. मळली तर महिन्यांनी साध्या साबणाने हलक्या हाताने धुवायची, सावलीतच वाळवायची, सोडा नाही, ऊन नाही, इस्त्रीचं तर नावच काढायचं नाही. हे सगळं पाकिटावर चित्रांसकट छापलेलं होतं. पाकीट मी जपून ठेवलं होतं, त्यात हिंगाची डबी ठेवली होती.

पण मी हार मानणाऱ्यातली नाही. दुसरी आणली, नीट सावलीत टांगली, आणि घरात धुतलेली एक, न धुतलेली एक अशा दोन असल्यावर प्रयोग करायला नको? ह्यांना पाच रात्री धुतलेलीत झोपवलं, मी नवीनमध्ये झोपले. (मलेरियातून उठलेल्या बापाला प्रयोगाला लावलं म्हणून अवंती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. बरोबर आहे तिचं. पण विज्ञान म्हटलं की कुणालातरी सोसावं लागतंच.) ह्यांचा गुडघा झोपेत जाळीला टेकायचा, आणि डास बाहेरूनच जाळीतून सोंड घालून पोटभर जेवायचे. सकाळी गुडघ्यावर नुसती रांगोळी. माझी नवीन मच्छरदाणी तर खिडकीच्या कडीत अडकून एका ठिकाणी फाटलेलीही होती, तरी मला एकही चावा नाही, कारण भोक शोधत शोधत डास जाळीवरच बसतो आणि तिथेच त्याचा कारभार आटोपतो. सकाळी फरशीवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले डास मिळायचे. ते मी चिमट्याने उचलून, कागदात तारीखवार बांधून ठेवले आहेत. पुरावा म्हणून ती पुडी या पत्रासोबत पाठवते आहे. घाबरू नका, सगळे मेलेले आहेत, मी भिंगाने पाहिलं. सहाव्या दिवशी ह्यांनाही नवीन आणली आणि माझ्या मच्छरदाणीचं भोक शिवून टाकलं.

एका घरात मच्छरदाणी लावून भागत नाही, हेही कळलं. आजूबाजूला जितक्या जास्त घरांत लागेल तितके परिसरातले डासच कमी होतात, आणि ज्याच्याकडे नाही त्यालाही थोडा फायदा होतो. म्हणून मी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. मधोमध खाट टाकली, पांढरी चादर, वर पांढरी मच्छरदाणी, आणि आत नमुना म्हणून हे. डास जास्त होते म्हणून चार कोपऱ्यांत उदबत्त्या लावल्या. लोक यायला उशीर झाला, तोवर ह्यांना गाढ झोप लागली, हात पोटावर जोडलेले. सगळ्यांत आधी आले आमचे सेक्रेटरी रमणभाई. दारातच चपला काढल्या, हात जोडले, आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, ‘क्यारे थयुं?’ म्हणजे कधी झालं? मला वाटलं कार्यक्रम कधी ठेवला ते विचारतायत. म्हटलं, आत्ताच, साडेपाचला. दहा मिनिटांत अख्खी बी विंग पांढऱ्या कपड्यांत हजर! कुणीतरी झेंडूचा हारही आणला. हे खडबडून उठून बसले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी किंचाळल्या, त्या अजून आमच्या मजल्यावर यायला घाबरतात. पण एवढी गर्दी मी आयुष्यात पुन्हा कुठे जमवणार होते? हार ह्यांच्याच गळ्यात घातला आणि पाऊण तास बोलले. सात घरांनी मच्छरदाण्या घेतल्या. रमणभाई म्हणाले की असलं खेडवळ प्रकरण टांगलं तर फ्लॅटची शोभा जाते. मी म्हटलं, रमणभाई, शोभेला ताप येत नाही, माणसाला येतो. त्यांच्या सुनेने दुसऱ्या दिवशी गुपचूप दोन मागवल्या.

मी खोटं बोलणार नाही. मच्छरदाणीत शिरायच्या आधी डास चावू शकतो, आणि डेंग्यूचा मेला दिवसाच येतो. त्यासाठी खिडक्यांना जाळ्या बसवल्या आहेत, टाकीचं झाकण घट्ट केलं आहे, घरात पाणी म्हणाल तर फक्त तांब्यात साठतं. पोटुशी बाई आणि तान्हं मूल यांना मलेरिया जास्त बाधतो, हे मला तुमच्याइतकंच कळतं. म्हणूनच अवंती आली की ती औषधवाल्या मच्छरदाणीत झोपणार, रोज, एकही दिवस न चुकता. डास मिरजेतही आहेत, पद्माताई. गेल्या दिवाळीत तुमच्या अंगणात त्यांनी मला फोडून काढलं तेव्हा मी काही बोलले नव्हते, आता बोलते. तेव्हा तिची बॅग भरायला घ्या.

तुमच्याशी भांडायचा हक्क असलेली,
कमला

ता. क. १ : पुडी भाऊसाहेबांना उघडू देऊ नये, त्यांना बडीशेप वाटायची.

ता. क. २ : हे म्हणतात की माझं पत्र उद्धट झालं आहे, आणि त्यांचा नमस्कार मात्र वेगळा कळवावा. कळवला.

ता. क. ३ (१८ ऑगस्ट) : पाकीट चिकटवणार इतक्यात काल अवंतीचा फोन आला. तुम्ही फोन का ठेवलात ते तिने सांगितलं. तन्मयच्या आधीचं तुमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच, तुमच्या मलेरियाच्या तापात गेलं. पद्माताई, मला माहीत नव्हतं हो. एवढ्या वर्षांत तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत, आणि मी तुम्हाला डासांच्या पुड्या बांधते आहे. काल जेवण गेलं नाही मला. पत्र फाडायला घेतलं होतं, पण फाडलं नाही, कारण मच्छरदाणीबद्दल त्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे आणि ते तुम्हाला कळायला हवं. पुडी मात्र काढून घेतली आहे. आता माझं खरं मागणं ऐका. अवंतीला एकटी पाठवू नका. तुम्ही तिच्याबरोबर या आणि बाळ होईपर्यंत इथेच राहा. तिच्या पलंगाशेजारी दुसरा पलंग टाकून घेतला आहे, त्यावरही नवी मच्छरदाणी टांगली आहे, तो तुमचा. आणि रोज तिची मच्छरदाणी गादीखाली तुमच्याच हाताने खोचा, चारही बाजूंनी. मी खोचलेली पुन्हा उपसून तुम्ही नव्याने खोचलीत तरी मला राग येणार नाही. (येईल. पण मी बोलणार नाही.)