देशी कुलपाची परीक्षा

तीर्थरूप मामांना भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (मागच्या भेटीत यातला एक हात तुमच्याकडे बोट दाखवण्यात गुंतला होता, त्याचाही नमस्कार यातच धरावा.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा दमा? बंदरावरची हवा दमट, गोदामात फार वेळ बसत जाऊ नका. आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे कारखाना अजून चालू आहे आणि आई माझ्याशी अजून बोलते. ऐकत मात्र काही नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

तुम्ही परदेशी कुलपं आणून निम्म्या भावात विकायला लागल्यापासून इथल्या बाजारात आमच्या कुलपाकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझ्याकडे अकरा माणसं कामाला, त्यांची घरं या कुलपांवर चालतात. म्हणून तर कारखानदार संघाच्या सभेत मी तुम्हाला 'देशबुडवे' म्हणालो. (सख्ख्या मामाला म्हणालो, म्हणून टाळ्या जरा जास्त पडल्या.) परदेशी कुलपांवर कर बसवायचा की नाही ते ठरवायला सरकारचे एक साहेब पाहणीला येणार होते. कर बसला तर कारखाना तरणार, नाही तर आमच्याच दाराला आमचंच कुलूप.

साहेबांवर छाप पडावी म्हणून आमच्या अध्यक्षांनी (हे बिजागऱ्या बनवतात आणि सभेत बोलतानाही दोन्हीकडे वळतात) एक टूम काढली. प्रत्येकाने घरातली एक परदेशी वस्तू आणून संघाच्या मागच्या खोलीत ठेवायची, खोलीला माझं कुलूप लावायचं, आणि साहेब आले की ते उघडून आमचा त्याग दाखवायचा. अध्यक्षांनी स्वतः बंद पडलेलं घड्याळ दिलं. खिळेवाल्याने बायकोची इस्त्री आणली, तिला न विचारता. बिचारा सध्या चुरगळलेलाच फिरतो. मी ड्रिल मशीन दिलं. आणि तेवढ्यात आई उठली, तुम्ही पाठवलेलं कानातलं यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. सभागृह गहिवरलं हो मामा! अध्यक्षांनी डोळे पुसले. घरी आल्यावर मी कागदावर लिहून विचारलं, हे काय केलंस? तर म्हणाली, "माझ्या भावाला तू चारचौघांत शिव्या घालणार, आणि त्या मी त्यानेच दिलेल्या यंत्रातून ऐकायच्या? नको रे बाबा."

मलाही मग चेव आला. आमच्या कुलपाच्या पोटातली स्प्रिंग इतकी वर्षं तुमच्याकडून येते, हे संघात कुणाला ठाऊक नव्हतं. ती बंद केली. इथल्याच एका स्प्रिंगवाल्याकडून नवी करून घेतली (तो खाटांच्या स्प्रिंगा करतो, पण माणूस आपला) आणि ते शंभर टक्के देशी कुलूप खोलीला ठोकलं.

साहेब आले. मी ऐटीत किल्ली फिरवली. फिरेना. तेल सोडलं, हातोडीने टकटक केलं, आमच्या मिस्त्रीने फुंकर मारली, अध्यक्षांनी देशाच्या नावाने घोषणा दिली, कुलूप ढिम्म. भोक पाडून तोडावं म्हटलं तर ड्रिल आत. मग करवत आणली. मी घासलं, खिळेवाल्याने घासलं, पाती तुटत गेली आणि साहेब खुर्ची ओढून हे सगळं मन लावून बघत बसले. शेवटी सगळ्यांनी मिळून खांदा दिला तशी बिजागऱ्या निखळल्या आणि दार अध्यक्षांना घेऊनच आत पडलं. कुलूप मात्र कडीला जसंच्या तसं!

साहेबांचा अहवाल आलाय. इथली कुलपं इतकी भक्कम आहेत की त्यांना संरक्षणाची अजिबात गरज नाही, असं त्यात लिहिलंय. बिजागऱ्यांचा धंदा मात्र कमकुवत असल्याने परदेशी बिजागऱ्यांवर ताबडतोब कर बसवावा. परवा अध्यक्षांचा सत्कार झाला. पाहुण्यांची ओळख मलाच करून द्यावी लागली.

मामा, तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. तुम्ही म्हणता, स्वस्त मिळेल तिथून घ्यावं, गिऱ्हाइकाच्या खिशाकडेही बघावं. खरं आहे. आमची शिवणकाम करणारी शेजारीण तुमचं कुलूप घेऊन गेली तेव्हा तिला देशबुडवी म्हणायला माझी जीभ रेटली नाही. उरलेल्या पैशांत तिने पोरांच्या वह्या घेतल्या. पण माझी अकरा माणसं घरी बसली तर तिच्याकडे कपडे शिवायला टाकणार कोण, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आणि आपल्या माणसाचं म्हणून न उघडणारं कुलूप लोकांनी किती दिवस सोसायचं, हे मीही भाषणात सांगितलं नाही. एकमेकांना धरून राहावं हे मला अजून पटतं. फक्त कुणाला धरायचं आणि कुणाच्या तोंडावर दार लावायचं, यात माझी फार मोठी गफलत झाली. वाईट वाटतं.

मामींना नमस्कार. राग असला तरी तब्येतीला जपा.

तुमचा भाचा

ता. क. स्प्रिंगांची दोन खोकी लवकर पाठवा. खोक्यावर 'बिस्किटं' लिहा. संघाची माणसं बघतात. स्प्रिंगा आल्या नाहीत तर महिनाअखेर कारखाना बंद करावा लागेल. चांगली स्प्रिंग असली की आमचं कुलूप वीस वर्षं हलत नाही. तुमचं म्हणाल तर शेजारणीचं कालच तिच्या पोराने केसातल्या पिनेने उघडलं. आता ती आमचं घेईन म्हणते, पण उघडणारं.

ता. क. पुन्हा. आईचं यंत्र मी दार पडलं त्याच दिवशी परत आणून दिलंय. ते डबीत घालून तिने फोनशेजारी ठेवलंय आणि धाकट्या भावाचा फोन आल्याशिवाय कानात घालणार नाही म्हणते. रोज दुपारी तिथेच बसते. फोन वाजला तर तिला ऐकू येणार नाही, म्हणून शेजारी मी बसतो.