सोबतच्यांची बाकं

४ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर बघूनच कळलं, दमलायस. परमुलखात जाऊन तिथल्या लोकांच्या शाळा, कचेऱ्या बांधतोस म्हणून मी इथे मान ताठ करून हिंडते, आणि तुझी मात्र त्या इस्पितळापायी झोप उडालीय. पेशंटबरोबर येणाऱ्यांसाठी तू ऐसपैस दालन काढलंस. समितीचे अध्यक्ष म्हणतात, इथे माणूस एकटाच येतो, दालन लहान करा, सुट्या खुर्च्या ठेवा, नाहीतर पुढचं ग्रंथालयाचं काम विसरा.

तुझे भावजी आजारी असताना मी इस्पितळात जिन्याखाली चपलांशेजारी झोपायचे, ते तुझ्या डोक्यातून जात नाही, माहीत आहे मला. अरे, माझी पाठ कधीच सरळ झाली! माझ्यापायी भांडू नकोस. या वयात तुला दुसरं काम कोण देणार? सही कर आणि दोन घास वेळेवर खा.

आमची आठवण असू दे, एवढंच मागणं.
ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सही करण्याआधी इथल्या जुन्या इस्पितळात दिवसभर बसून आलो. अध्यक्ष खोटं बोलत नव्हते गं. एकेकटेच येतात. एका आजोबांना विचारलं, बरोबर कोण आलंय? त्यांनी मांडीवरच्या कोटाकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं मी या लोकांच्या इमारती बांधतोय, आणि दर वेळी मनाने आत बसवतोय तुम्हा घरच्यांना!

दालन निम्मं केलं. पण सुट्या खुर्च्या नाही दाखवल्या, दोघांची बाकं दाखवली. एकट्याच्या शेजारी कुणीतरी टेकेल. समितीने कुरकुरत बाकं मान्य केली, ग्रंथालय मात्र दुसऱ्याला दिलं. आता हात रिकामे. वाईटही वाटत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अ. आ.

रागावायला बसले होते, पण राग येईना. शेजारीण म्हणाली, आता भाऊ परत येईल. मी म्हटलं, त्याला उठून बसायचं त्राण नाही, तो प्रवास काय करणार?

इतकी वर्षं बोलावतोस आणि मी गुडघे पुढे करते. या वेळी गुडघ्यांना विचारलंच नाही. तुझ्या भाच्याने तिकीट काढलंय, महिनाअखेर पोचते. तुझं गाव दाखवायला, इमारती दाखवायला धावपळ करू नकोस. तू पडून राहा, मी बसते उशाशी.

बाकी भेटीत.
ताई