बहात्तरच्या पलीकडचं पान

२८ फेब्रुवारी

झाला काढून एडिटर, माझा टायपिंगचा प्रोग्राम! लेकीच्या लॅपटॉपवर आता माझं काही उरलं नाही.

तिच्याकडे लिनक्स. एका ओळीचा हुकूम द्यायचा, पासवर्ड टाकायचा, 'नक्की?' असं विचारलं की होकार द्यायचा — खलास. पण त्यातही दोन प्रकार. एक हुकूम नुसता प्रोग्राम काढतो आणि सेटिंग मागे ठेवतो, उद्या परत आलात तर असू द्यावी म्हणून. दुसरा मुळापासून उपटतो. मी कायम दुसरा देतो. वर माझ्या फोल्डरात लपून बसलेल्या एक-दोन फाइली हातानं पुसतो. ही म्हणायची, कुणाकडून निघताना आपल्या अंथरुणाची घडी आपणच घालायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. घड्या चालूच आहेत.

लेक म्हणाली, "राहू द्या की अण्णा." पण नजर फोनमध्ये. चहाचा कप विसळायला घेतला की लोक असंच म्हणतात.

उद्या धाकट्याकडे. चार महिने तिथे, मग चार थोरल्याकडे, मग पुन्हा इथे. तिघांनी मिळून बसवलेलं वेळापत्रक. तिन्ही घरांतली माणसं चांगली आहेत, तक्रार नाही.

२ मार्च

धाकट्याकडे मॅक. इथे एडिटर बसवायचा म्हणजे चित्र उचलून ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरात टाकायचं. बस्स! मला दर वेळी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

बसवायला दोन मिनिटं, माझ्यासारखं करायला दोन दिवस. अक्षर मोठं. पडदा पिवळसर, कारण पांढऱ्यानं डोळ्यांना पाणी येतं. आणि बहात्तराव्या रकान्यावर एक उभी रेघ. धाकटा दर वेळी विचारतो, "अण्णा, ही रेघ कशाला?" दर वेळी सांगतो. दर वेळी विसरतो. कार्टा!

५ मार्च

इथे तरी लिहून ठेवतो.

आमच्या वेळी प्रोग्राम पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचा. एका कार्डावर एक ओळ. रकाने ऐंशी, पण यंत्र वाचणार बहात्तरपर्यंतच. पुढच्या आठांत कार्डाचा नंबर. तिथे तुम्ही काहीही टोचा, यंत्राच्या लेखी ते नाहीच.

मी कागदावर लिहायचो, पंचिंगच्या खोलीत मुली ते कार्डांवर टोचायच्या. नुसता खडखडाट! नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी जिन्यात अख्खा खोका पाडला. कार्डं पार खालच्या मजल्यापर्यंत. मी रडकुंडीला. पंचिंगमधली एक मुलगी आली आणि एकेक कार्ड उचलत म्हणाली, "नवीन दिसताय. अहो, गठ्ठ्याच्या कडेवर मी पेन्सिलीनं तिरपी रेघ मारलीये. रेघ जुळवा, कार्डं जुळतील."

पायरीवर बसून आम्ही रेघ जुळवत राहिलो. फार लवकर जुळत होती, म्हणून मी थोडी कार्डं मुद्दाम परत विस्कटली. ते तिला कळलं होतं, हे तिनं लग्नानंतर सांगितलं.

१९ मार्च

आज पानांची नक्षी उघडली.

हिला विणायचं वेड. निवृत्त झाल्यावर मी तिच्यासाठी प्रोग्राम केला. फुल्या आणि टिंबांत नक्षी टाइप करायची, प्रोग्राम ओळीओळीनं सांगणार — इतके टाके सुलट, इतके उलट. पण हात जुन्या वळणाचा! सवयीनं मी बहात्तरपर्यंतच वाचायला लावलं. हिची पानांची नक्षी त्याहून रुंद. शेवटचं पान अर्धंच आलं. केवढी हसली! "तुमच्या यंत्राला पान अर्धंच दिसतं. बाकीचं मी बघते." दुरुस्त करतो म्हटलं तर ऐकेना. "मग मला काय काम?" उरलेलं अर्धं पान कायम मनानं विणायची.

आता तिच्या राहिलेल्या नक्ष्या मी एकेक करून टाइप करतोय. साध्या टायपिंगमध्ये फुली आणि टिंब एका रुंदीचं येत नाही, नक्षी वाकडी होते. म्हणून हा एडिटर लागतो. मुलांना वाटतं म्हाताऱ्याचा चाळा. वाटू दे.

११ जून

थोरल्या सुनेचा फोन. ती दातांची डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या लोकांशी एकटीच बोलते, घरच्यांसाठी शब्द उरत नाहीत. म्हणाली, "अण्णा, तुमचा तो एडिटर या वेळीही बसवणार ना?" मी ताबडतोब म्हटलं, "बसवीन, पण जाताना काढून टाकीन हो, काळजी नको."

"बरं," म्हणाली आणि ठेवला. एवढ्यासाठी फोन!

२९ जून

चित्र उचललं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मॅकवर एवढंच. इतकं सोपं की अपमान झाल्यासारखं वाटतं. सेटिंग आत लायब्ररीत दडून बसते, तीही शोधून टाकली.

आज खरंच कंटाळा आला. दोन दिवस खपून सगळं आपल्यासारखं करायचं आणि चार महिन्यांनी आपल्याच हातानं पुसायचं. मला वेगळी खोली नको, कपाट नको. एका तरी घरात हे एवढं राहू द्या, असं कुणाला तरी म्हणावं. थोरल्याला म्हणू का? जीभ रेटत नाही. म्हणतील, म्हातारा पाय पसरायला लागला.

२ जुलै

थोरल्याकडे विंडोज. नेक्स्ट, नेक्स्ट, मान्य आहे, नेक्स्ट! पासवर्ड सुनेचा, म्हणून ती शेजारी उभी. मधेच यंत्रानं विचारलं, फक्त तुमच्यासाठी की सगळ्यांसाठी? मी 'फक्त माझ्यासाठी'कडे बाण नेला. तिनं माउस घेतला आणि 'सगळ्यांसाठी' दाबलं. "असू दे," म्हणाली. दवाखान्याची घाई होती. पुन्हा पासवर्ड द्यायला यायला नको, हेच असणार.

४ जुलै

अक्षर मोठं. पडदा पिवळसर. रेघ. बसलो कामाला. या घरात प्रत्येकाचं खातं वेगळं, पण प्रिंटर एकच, म्हणून नक्ष्या समाईक फोल्डरात ठेवल्या.

५ ऑगस्ट

सून जेवताना एकदम — "आईंची ती पानांची नक्षी अजून चालते?"

"चालते की! शेवटचं पान तेवढं अर्धं येतं."

"का?"

सांगितलं सगळं. कार्डं, रकाने, जिना, हिचं हसणं. थोरला जांभया देत होता. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, घास हातात तसाच. मग उठून ताटं उचलायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२८ सप्टेंबर

पावसानं गारठा पडलाय. हिच्या हातचा स्वेटर काढला. कोपराला उसवलाय. बाजारात दुरुस्तीला देणार नाही. फार आठवण येते आज. खडखडाट चाललेल्या खोलीत ती मान न वळवता म्हणायची, "तुमचा स्वल्पविराम राहिलाय, मी घातला."

३० ऑक्टोबर

उद्या संध्याकाळची गाडी, लेकीकडे. बॅग भरली. आज थोरल्याला म्हणायचंच, असं ठरवलं होतं. तो समोर बसला, मी घसा खाकरला आणि विचारलं, "गाडी वेळेवर असते ना रे?" शाब्बास!

३१ ऑक्टोबर, सकाळी

एडिटर काढायला घेतला. 'नक्की?' — हो. तर म्हणतो, एडिटर सुरू आहे, आधी बंद करा!

बंदच आहे! पुन्हा केलं. पुन्हा तेच. थोरला बूट घालता घालता म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या खात्यात उघडा राहिला असेल." दुसऱ्या कुणाच्या? या घरात एडिटर कशाशी खातात हे तरी कुणाला माहीत आहे का?

सुरुवातीच्या पडद्यावर गेलो. सुनेच्या नावाखाली लिहिलेलं — साइन इन केलेलं आहे. तिचा पासवर्ड मला कुठला माहीत? ती दुपारी येईल. बसलोय वाट बघत.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी

सुनेनं येऊन पासवर्ड टाकला. पिवळसर पडदा. बहात्तरावर रेघ. पानांची नक्षी उघडी. मग कपाटातून पिशवी काढली. सुयांवर स्वेटर, कडेचं पान अर्धं.

"इथून पुढे आई मनानं विणायच्या. मला नाही येत."

"मग विचारायचंस ना मला!"

"विचारणार होते, फोनवर, एडिटर ठेवाल का तेही. त्याआधीच तुम्ही काढीन म्हणालात. गेल्या खेपेला पण काढून गेलात. आठ महिने सुया तशाच पडून, अण्णा." एवढं सलग बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. "तुमचंच माप आहे हे."

ते अर्धं पान मी शेजारी बसून वर्षानुवर्षं बघितलंय. बोटानं दाखवत गेलो, ती टाके घालत गेली.

लेकीला कळवलं, या पाळीला येत नाही. गाडी गेली. एडिटर सुरू आहे.