उलटी गेलेली जावा

मैसूर, २० ऑगस्ट २००१

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचायच्या आधी खाली बस. मी मोटरसायकल घेतली. हो, एकसष्टाव्या वर्षी! १९६४ची जावा, नंजनगूडच्या एका संगीत मास्तरांकडची. त्यांच्या कोंबड्या बसायच्या तिच्यावर. मंडी मोहल्ल्यातल्या गफारसाहेबांनी दोन महिने खपून तिला माणसांत आणली. टाकीला तुझ्या लग्नातल्या शालूचा जांभळा रंग दिलाय. हँडल उंच केलंय, म्हणजे माझी कंबर कुरकुरणार नाही. मागची सीट चांगली रुंद, पाठ टेकायला गादी, डाव्या अंगाला पाय ठेवायला फळी. जुन्या गाड्यांचे शौकीन दोस्त नाकं मुरडतात, म्हणतात नंजुंड्या, जावाची पार डोली करून टाकलीस. म्हणोत बापडे. डोली कुणासाठी केली ते त्यांना कुठे ठाऊक?

अक्का, भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू तीर्थहळ्ळीच्या बाहेर पाऊल टाकलं नाहीस. माझ्या साठीशांतीलाही आली नाहीस, त्याचा मला राग आहेच. आता दसऱ्याला ये. भाऊजींच्या जावावर मागे बसून मलनाडचे सगळे डोंगर पालथे घातलेस, एकदा भावाच्या मागे बसून कुक्करहळ्ळीच्या तळ्याला फेरी मार. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

विशालूचं मत विचारू नकोस. ती गाडीला सवत म्हणते.

लोभ आहेच, त्यावर गाडीचा धूर बसू देऊ नये.

तुझा,
नंजुंड

तीर्थहळ्ळी, २९ ऑगस्ट २००१

चि. नंजुंडास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुला अक्कल येणार तरी कधी? विशालू सोशिक म्हणून तुझं चाललंय. मी तिच्या जागी असते तर तुला गाडीसकट अंगणात झोपवलं असतं.

मी येणार नाही. सुपारीची कामं आलीत, असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला त्या गाडीचा आवाजच सोसत नाही. रस्त्यावरून कुणाची जावा गेली की मी आत येऊन रेडिओ मोठा करते. चौतीस वर्षं यांच्या मागे बसले रे. आता दुसऱ्या कुणाच्या मागे मी बसायची नाही. तुझ्यासुद्धा. मनाला लावून घेऊ नकोस.

अप्पेमिडी कैऱ्यांचं लोणचं शेजारच्या भवानीच्या मुलाबरोबर पाठवलंय, विशालूला आधी दे, तू उरलेलं खा. आणि शालू जांभळा नव्हता, डाळिंबी होता. तुझ्या कधी काही लक्षात राहत नाही.

मायेला कमी नाही, येणं मात्र होणार नाही.

तुझी,
गिरिजक्का

मैसूर, २७ ऑक्टोबर २००१

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

टाकी डाळिंबी करून घेतली. पण आता त्याचा काय उपयोग?

परवा आयुधपूजा झाली. गल्लीतली झाडून सगळी माणसं जमली होती. विशालूनंच झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकापुढे लिंबू ठेवलं. मी नवं धोतर सांभाळत अलगद किक मारली. गाडी सुरू झाली. गिअर टाकला, क्लच सोडला, आणि अक्का, गाडी मागे गेली! मी पुढे बघतोय आणि गाडी मागे पळतेय. पुरोहितांचं ताट उडालं. समोरच्या रुद्रप्पांनी फोडायला आणलेला कोहळा माझ्या मागच्या चाकानं फोडला. लिंबू आपलं जागच्या जागी, नवंकोरं. पोरं अजून मला बघितलं की उलटी चालतात.

विशालू म्हणते, याहून मोठा अपशकुन तिनं जन्मात बघितला नाही. तिनं अट घातलीय. दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा लिंबू ठेवायचं. गाडी पुढे गेली तर घरात राहील, नाही तर तिचा भाचा त्याच दिवशी घेऊन जाईल. गफारसाहेब लेकीकडे गुलबर्ग्याला गेलेत, ते दिवाळीनंतर येणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची माझी छाती होत नाही.

खरं सांगू? देऊन टाकावी असंच वाटतंय. तुझ्यासाठी केली होती. तू बसणार नाहीस आणि ती पुढे जाणार नाही, मग ठेवून करू काय?

आशीर्वाद तेवढा असू दे, सध्या त्याचीच टंचाई आहे.

तुझा,
नंजुंड

तीर्थहळ्ळी, २ नोव्हेंबर २००१

चि. नंजुंडास,
अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्यानं वाचत होते. कोहळ्यापाशी आले आणि मटकन खाली बसले. इतकी हसले, इतकी हसले, की भवानी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तीन वर्षांत या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

अरे वेड्या, लग्नाच्या चौथ्या दिवशी हे मला देवळात घेऊन निघाले होते. सासूबाई, नणंदा, सगळ्या ओट्यावर उभ्या. यांनीही धोतर सांभाळत अश्शीच नाजूक किक मारली, आणि आम्ही दोघं उलटे थेट गवताच्या गंजीत! मला हसू आवरेना. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला. हे मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलायला लागले. तोवर लाजत होते.

विशालूला सांग, अपशकुन बिपशकुन काही नाही. पॉइंटची फट वाढली की ठिणगी लवकर पडते, त्यात किक अर्धवट बसली की ही इंजिनं उलटी फिरतात. हे आमच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी त्या फटीत घालून अंतर लावायचे आणि बॅटरीचा उजेड मी धरायची. पट्टी माझ्याजवळ आहे. टपालात घातली आणि हरवली तर? मी स्वतःच घेऊन येते. पाडव्याच्या आदल्या दिवशी बसस्टँडवर ये, रिक्षा घेऊन. गाडीवर मी बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते.

मी येईपर्यंत कुठल्याही स्क्रूला हात लावू नकोस, हाच आशीर्वाद समज.

तुझी,
गिरिजक्का

तीर्थहळ्ळी, २१ नोव्हेंबर २००१

चि. नंजुंडास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. विशालूची चकली भवानीला फार आवडली.

लिंबाचा चेंदा झाला तेव्हा विशालूनं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, बघितलंस ना? भाचा बिचारा रिकाम्या हातानं गेला. आणि मला खेचून सीटवर बसवली तीही तिनंच. ही एवढी गादी काय हवा खायला केलीय का, म्हणाली. तिच्यापुढे माझी मात्रा चालली नाही.

पहिल्या वळणापर्यंत मी डोळे मिटूनच होते. मग उघडले. तळ्यावर बगळे होते, ऊन छान होतं. तू रडत होतास ते तुझ्या पाठीवरून कळलं. मीही रडत होते. पण नंजुंडा, तू फार भीत भीत चालवतोस. सायकलवाले पुढे जात होते.

पट्टी तुझ्या हत्यारांच्या पेटीतच ठेवून आले. तिथे सगळ्यांसमोर एक बोलायला लाजले, ते आता लिहिते. संक्रांतीला मी येणार आहे. तेव्हा गफारसाहेबांकडून पॉइंटची फट जराशी वाढवून ठेव. विशालू बाजारात गेली की मला मागे बसव, अलगद किक मार, आणि एकदाच मला उलटी ने.

बाकी लोभ वाढता ठेव, आणि अंगणात गवताची गंजी टाकायला विसरू नकोस.

तुझी,
गिरिजक्का