रोवेनाची गाडी मीच चालवणार

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझी. डॉ. संजनांनी (मेंदूच्या डॉक्टर, वय जेमतेम पस्तीस) एक वेगळी वही लिहायला लावली आहे. झटका आला की तारीख, वेळ, काय झालं. ती वही फ्रिजवर असते. तिच्यात मी रोज ‘काही नाही’ लिहितो. अक्षर फार सुंदर येतंय.

मुळात झटका नव्हताच. १५ जूनला अर्नाळ्याहून बोंबील घेऊन येत होतो. पोट रिकामं, ॲसिडिटी झाली, जरा चक्कर आली आणि गाडी रस्ता सोडून शेजारच्या आग्नेलच्या बागेत गेली. केळीची पाच झाडं आडवी. आग्नेलने गावभर केलं की वॉल्टरचे डोळे वर गेलेले, तोंडाला फेस होता. ज्याला मी स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याने! तेव्हापासून गावात दोन पक्ष आहेत, ॲसिडिटी पक्ष आणि फेस पक्ष. आमच्या घरातही दोन आहेत. माझ्या पक्षात मी एकटा.

पोलिसांचे कागद आरटीओत गेले. त्यांनी लायसन्स ठेवून घेतलं. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा म्हणाले. डॉक्टर म्हणतात, सहा महिने एकही झटका नको, मग सर्टिफिकेट. म्हणजे १५ डिसेंबर. हरकत नाही. रोवेनाचं लग्न २७ ला आहे.

रोवेना माझ्या धाकट्या भावाची, रोनाल्डची मुलगी. रोनाल्ड जाऊन चार वर्षं झाली. जायच्या आदल्या दिवशी मी त्याला शब्द दिला होता, तिला चर्चला मीच माझ्या गाडीतून नेईन. वाडीतल्या अकरा नवऱ्या मी नेल्यात. बँडवाल्यांच्या मागून, पहिल्या गिअरवर, क्लच अर्धा दाबून, गाडी बंद पडू न देता. हे कुणा सोम्यागोम्याचं काम नाही.

संकल्प : गोळ्या वेळेवर. चहा बंद. आग्नेलशी बोलणं बंद.

२४ सप्टेंबर
आग्नेल केळ्यांची फणी घेऊन आला. बोललो. नाइलाज. चहाही घेतला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
गोळ्यांनी झोप येते. ड्रायव्हरला झोप येणं धोक्याचं. सुरक्षेचा विचार करून रात्रीची गोळी बंद केली. डॉक्टरांना सांगायची गरज नाही, त्यांना गाडी चालवण्यातलं काय कळतं? स्कूटीवर येतात.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ५.
प्रॅक्टिस चालू केली. कव्हर न काढता आत बसतो, इंजिन बंद, फक्त क्लच-ब्रेक-क्लच. आज एक विचित्र प्रकार. हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि थांबेचना. बायको, आल्बिना, धावत आली, मागून आग्नेल, त्याची सून, सगळे. मला ओढून बाहेर काढलं. कपाळावर हॉर्नचा गोल उमटलाय. वायरिंग बिघडलंय, इलेक्ट्रिशियनला दाखवायला हवं.
आल्बिना मोबाइलमध्ये काहीतरी टाइप करत होती. बायकोला नवऱ्यापेक्षा व्हॉट्सॲप जवळचं.
डॉक्टरांची वही : काही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
मृतांचा दिवस. दफनभूमीत रोनाल्डच्या कबरीवर फुलं, मेणबत्त्या. मी इतका प्रार्थनेत रमलो की हातातली मेणबत्ती संपून बोट भाजलं तरी कळलं नाही. अशी एकाग्रता हल्ली फादरांनाही साधत नसेल. आल्बिना दंडाला धरून हलवत होती. घरी येताना तिने पुन्हा मोबाइल काढला.
वही : काही नाही.

९ नोव्हेंबर
आज एक हुशारी केली. चर्चच्या ऑफिसात जाऊन १४ डिसेंबरच्या रविवारी आभाराची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) लावली. लायसन्स मिळायच्या आधीच आभार. देवाला ॲडव्हान्स दिला की तोही शब्द फिरवत नाही. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं, ‘आकडीच्या आजारातून पूर्ण बरं करून लायसन्स परत मिळवून दिल्याबद्दल, वॉल्टरकडून.’ ॲसिडिटी लिहिणार होतो. पण देवाशी खोटं बोलू नये.

२३ नोव्हेंबर
रोवेना आली होती. लग्नात डोक्यावरून घ्यायचा जाळीचा वेल दाखवला, लांब आहे, गाडीच्या दारात अडकणार. दार कसं लावायचं ते तिला समजावलं. ती म्हणाली, काका, तुम्ही माझ्या बाजूला बसलात तरी मला चालेल, चालवायला कुणीही असू दे. कुणीही! मी तिला विचारलं, तुला हे कुणी पढवलं? आल्बिना स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत होती.
रोवेना लहानपणी माझ्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायची. तीही गेली त्या पक्षात.

१४ डिसेंबर, रविवार. दुपार. जेवलो नाही.
केसाने गळा कापला.
मिस्सा सुरू होण्याआधी ती कुणाकुणासाठी आहे हे माइकवरून वाचतात. आयुष्यभर ऐकत आलोय. तरी माझी चिठ्ठीही वाचतील हे डोक्यातच आलं नाही. माझी समजूत, चिठ्ठी देवाकडे जाते. ती गेली लाउडस्पीकरकडे. ‘आकडीच्या आजारातून’ हे शब्द तर वाचणाऱ्या बाईने इतके ठासून वाचले, की बाहेर सायकल लावणाऱ्यालाही कळावं. अख्ख्या चर्चने माना वळवल्या. ॲसिडिटी पक्ष माझ्याच सहीने बुडाला.
तिसऱ्या बाकावर रोवेनाची होणारी सासू ग्रेसीबाई होती. बाहेर आल्यावर तिने आल्बिनाला गाठून विचारलं, नवरीच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर बघितलाय ना? आल्बिना म्हणाली, बघितलाय.
बघितलाय!! मला न सांगता.

१५ डिसेंबर, सोमवार
डॉक्टरांकडे. इस्त्रीचा शर्ट. वही पुढे केली. तीन महिन्यांची पानं, ओळीने ‘काही नाही’. डॉक्टरांनी चाळली, अक्षराचं कौतुक केलं आणि आल्बिनाला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?
आल्बिनाने मोबाइल काढला आणि वाचायला लागली. १२ ऑक्टोबर, गाडीत, हॉर्नवर डोकं, तीन मिनिटं. २ नोव्हेंबर, कबरीजवळ, एक मिनिट, बोट भाजलं. मला माहीतही नसलेल्या आणखी सात तारखा. रात्रीच्या गोळ्या शर्टाच्या खिशात सापडतात, हेही सांगितलं. चौतीस वर्षांचा संसार आणि ही माझ्या पाठीमागे सीआयडी चालवतेय. व्हॉट्सॲप परवडलं असतं.
डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, आजपासून पुन्हा सहा महिने, आणि गोळी दोन्ही वेळा.
रिक्षात आल्बिना रडली. मी पाहिलं नाही असं केलं. रडायला हवं होतं मी.

१७ डिसेंबर
निर्णय पक्का. लायसन्स नसलं तरी चालवणार. घर ते चर्च सव्वा किलोमीटर. नवरीच्या गाडीला कोण अडवतो? आणि शब्द रोनाल्डला दिलाय, आरटीओला नाही. चावी तांदळाच्या डब्यात लपवली.

२० डिसेंबर
चावी डब्यात नाही. आल्बिनाला विचारलं. ती तांदूळ निवडत म्हणाली, आग्नेलकडे दिली, गाडी धुऊन फुलं लावायचीत त्याला, चालवणारही तोच आहे.
आग्नेल!

२५ डिसेंबर
नाताळ. कुणाशी बोललो नाही. केक खाल्ला. रागाने, तीन तुकडे.

२७ डिसेंबर, शनिवार. दुपारी २.
सूट घातलाय. ठरवलं होतं, जाणारच नाही. पण वडिलांच्या जागी मी आहे. तिचा हात धरून चर्चमध्ये पुढे अल्तारापर्यंत मला न्यायचंय. तेवढं करीन. मागच्या सीटवर बसेन आणि आग्नेल किती वेळा गाडी बंद पाडतो ते मोजेन. सोळापर्यंत जाईल असा अंदाज आहे.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.
आग्नेलने गाडी एकदाही बंद पाडली नाही. लिहून टाकलं.

बँड पुढे, आम्ही मागे. रोवेना माझ्या उजवीकडे, वेल मांडीवर गोळा करून. खाडीचा पूल आला तेव्हा मी आग्नेलला सांगितलं, इथे कठडा नाही, मधून घे. तो म्हणाला, होय मास्तर. एवढं स्पष्ट आठवतं. त्यानंतर चर्चचं फाटक, घंटा, लोक. मी रोवेनाचा हात धरून चालत गेलो. चांगला चाललो, सगळे म्हणाले.

रात्रीच्या जेवणाआधी फोटो काढत होते. फोटोग्राफर रोवेनाला सारखा म्हणत होता, डावा हात मागे घ्या. बघितलं तर तिच्या मनगटावर पाच बोटांचे वळ. एका ठिकाणी नख रुतून रक्त आलेलं. मी चिडलो. कुणी केलं हे, लग्नाच्या दिवशी?

तिने मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाली, काका, तुम्हीच. पुलावर. तुम्ही थोडा वेळ नव्हतात. मी आग्नेल अंकलना सांगितलं, वेल दारात अडकलाय, गाडी थांबवा. त्यांनी आरशात पाहिलं आणि थांबवली. काही विचारलं नाही. तुमचं तोंड मी रुमालाने पुसलं. मग तुम्ही म्हणालात, चल पोरी, उशीर होतोय. आल्बिना आंटीला अजून सांगितलेलं नाही.

किती वेळ, मी विचारलं.

ती म्हणाली, बँडवाल्यांची दोन गाणी झाली.

दोन गाणी. पुलाच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे आणि रोवेना गाडीत होती.

भीती वाटली. फार वाटली. रात्रभर तेच. आत्ता सकाळी आल्बिनाला स्वतः सांगितलं. तिने मोबाइल काढला, तारीख टाकली आणि मला विचारलं, वेळ काय लिहू? मला सांगता येईना.

दोन्ही गोळ्या घेतल्या. उद्या आरटीओत जाऊन लायसन्स आता परत नको म्हणून लिहून देणार आहे. रिक्षावाले तिकडे यायला कटकट करतात. आग्नेलला विचारायला हवं, सोडतो का.